यादी नीट असेल, तर चारशे कामं एका कमांडमध्ये होतात



या आठवड्याच्या व्हिडिओत मी काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करताना दिसते. काही जणांना वाटेल, हे चॅनल धंद्याचं आहे की कॉम्प्युटर क्लासचं? धंद्याचंच आहे. म्हणूनच हा विषय घेतलाय.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या दुकानात शंभरच्या वर वस्तू आहेत, त्या दुकानाच्या मालकाला किंवा मालकिणीला एक गोष्ट यायलाच पाहिजे. यादीतली एक ओळ घे, तिच्यावर एक काम कर, मग पुढची ओळ घे, तिच्यावर तेच काम कर, आणि यादी संपली की थांब. कॉम्प्युटरला हे सांगता आलं, की अर्ध्याहून जास्त कंटाळवाणी कामं तुमच्या डोक्यावरून उतरतात. यासाठी प्रोग्रामर व्हायची गरज नाही. पण आपली यादी आपल्याला नीट लिहिता आली पाहिजे, आणि बहुतेक जण इथेच अडकतात.

वेळ जातो कुठे?

समजा तुमच्याकडे ४०० वस्तूंचे फोटो आहेत. मोबाइलने काढलेले, प्रत्येक फोटो भलामोठा. कॅटलॉगमध्ये टाकायचे म्हणजे प्रत्येकाचा आकार कमी करायचा, नाव बदलून मालाचा कोड द्यायचा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा. सराव असलेल्या माणसाला एका फोटोला दीड मिनिट धरा. चारशे गुणिले दीड, म्हणजे ६०० मिनिटं. सरळ १० तास. दुकानाचा एक अख्खा दिवस. आणि दिवाळीच्या आधी नवा माल आला की पुन्हा तेच.

आता हे बघा, त्या १० तासांत डोकं किती लागलं? पहिल्या फोटोला लागलं. आकार किती ठेवायचा, नाव कसं द्यायचं, हे ठरवायला पाच मिनिटं गेली. उरलेल्या ३९९ फोटोंना फक्त बोटं चालली. ज्या कामात डोकं एकदाच लागतं आणि बोटं चारशे वेळा चालतात, ते काम माणसाने करू नये. त्या वेळात काउंटरवर चार गिऱ्हाइकं नीट सांभाळता येतात.

अशा कामांना मी "ओळीची कामं" म्हणते. फोटो लहान करणं, फाइलींची नावं बदलणं, प्रत्येक मालाला क्यूआर कोडचं लेबल बनवणं, प्रत्येक सप्लायरच्या नावाचं फोल्डर तयार करणं. सगळीकडे एक यादी असते आणि एक काम असतं.

शेल म्हणजे काय, आणि ते मिळतं कुठे?

शेल म्हणजे टाइप करून कॉम्प्युटरला हुकूम द्यायची खिडकी. माऊस नाही, बटणं नाहीत. मॅकवर ते टर्मिनल नावाने आधीपासून असतं. लिनक्सवर असतंच. विंडोजवर डब्ल्यूएसएल नावाची मायक्रोसॉफ्टचीच सोय फुकट बसवता येते, आणि मग लिनक्सचं शेल तिथेच चालतं. ज्यांच्याकडे फक्त अँड्रॉइड फोन आहे त्यांच्यासाठी टर्मक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे. छोट्या स्क्रीनवर टाइप करायला त्रास होतो, पण शिकायला पुरेसं आहे.

"हे शास्त्रज्ञांचं काम, आपलं नाही," असं वाटत असेल तर एक छोटी गोष्ट ऐका. शेल ज्या युनिक्सबरोबर वाढलं, ते युनिक्स अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली सुरू झालं. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यातली मुख्य नावं. त्यांना नवं मशीन हवं होतं. ते मिळवताना कंपनीला सांगितलं होतं, की आम्ही कागदपत्रं टाइप करायची आणि नीट मांडायची सिस्टीम बनवून देऊ. १९७१ मध्ये त्या मशीनवर खरोखर काम करणारे पहिले लोक कोण होते? कंपनीच्या पेटंट खात्यातले तीन टायपिस्ट. दिवसभर पेटंटचे अर्ज टाइप करायचे. म्हणजे या हत्याराने सुरुवातीलाच पोट भरलं ते ऑफिसच्या कारकुनी कामावर. आपण त्याच्याकडून कारकुनी काम करून घेतलं तर त्यात वावगं काय?

ती कमांड वाचायची कशी?

पूर्ण कमांड व्हिडिओत स्क्रीनवर आहे, ती तिथून बघून टाइप करा. इथे ती वाचता कशी येईल ते सांगते. वाचता आली तरच ती तुमची. नाहीतर मंत्र पुटपुटल्यासारखं होतं.

कमांडचे चार शब्द आहेत: व्हाइल, रीड, डू, डन.

व्हाइल म्हणजे जोपर्यंत. रीड म्हणजे यादीतली एक ओळ वाच आणि एका डब्यात ठेव. त्या डब्याला आपण नाव देतो, समजा "माल". डू म्हणजे आता काम सुरू कर. डन म्हणजे या ओळीचं काम झालं, परत वर जा आणि पुढची ओळ वाच. डनच्या पुढे एक बाण असतो, त्याचं तोंड डावीकडे. त्या बाणापुढे तुमच्या यादीच्या फाइलचं नाव येतं. म्हणजे यादी त्या बाणातून आत सरकते.

मराठीत वाचलं तर वाक्य असं होतं: "या फाइलमध्ये जोपर्यंत ओळ मिळतेय, तोपर्यंत ती मालच्या डब्यात घे, डू आणि डनच्या मधलं काम त्या मालावर कर." बस एवढंच.

यात तीन बारीक गोष्टी आहेत, त्या वगळू नका.

पहिली, रीडच्या आधी आयएफएस लिहून बरोबरचं चिन्ह देतात आणि त्यापुढे काहीच लिहीत नाहीत. त्यामुळे ओळीच्या सुरुवातीची आणि शेवटची मोकळी जागा शेल आपल्या मनाने छाटत नाही.

दुसरी, रीडला मायनस आर लावतात. त्यामुळे ओळीत उलटी तिरकी रेघ असली तरी ती आहे तशी राहते.

तिसरी, आणि दुकानदारासाठी सगळ्यात महत्त्वाची: डबा वापरताना त्याला दुहेरी अवतरण चिन्हांत ठेवायचं. "कांदा लसूण मसाला" हे एका मालाचं नाव आहे. अवतरण चिन्हं नसतील तर शेल त्याचे तीन तुकडे करतं, आणि कांदा वेगळा, लसूण वेगळा, मसाला वेगळा समजून काम करायला जातं.

एका ओळीत दोन गोष्टी असतील, म्हणजे फोटोचं नाव, मग स्वल्पविराम, मग मालाचा कोड, तर रीडला दोन डबे द्यायचे आणि आयएफएसला स्वल्पविराम द्यायचा. मग पहिला भाग पहिल्या डब्यात आणि दुसरा दुसऱ्यात जातो. अट एकच, फोटोच्या नावात किंवा कोडमध्ये स्वल्पविराम नको.

इंटरनेटवर शोधलंत तर आणखी एक कमांड दिसेल, एक्सआर्ग्ज. ती आखूड आहे, म्हणून लोक तीच सुचवतात. ती चांगलीच आहे, पण नवीन माणसाने तिच्यापासून सुरुवात करू नये असं माझं मत आहे. ती मुळात ओळी मोजत नाही, शब्द मोजते. मोकळी जागा दिसली की तुकडा पाडते आणि बरेच तुकडे एकाच कमांडला जोडते. शिवाय अवतरण चिन्हाला तिच्याकडे वेगळा अर्थ आहे. भांड्यांच्या दुकानात आपण आठ इंची कढई कशी लिहितो? आठ आणि पुढे इंचाच्या दोन उभ्या रेघा. एक्सआर्ग्जला त्या रेघा म्हणजे उघडलेलं आणि बंद न झालेलं अवतरण वाटतं, आणि ती तिथेच तक्रार करून थांबते. याच्यावर उपाय आहेत, पण ते नंतर शिकायचे. सुरुवात व्हाइल आणि रीडने करा.

एका ताईंची यादी

आमच्या बॅचमध्ये एक ताई आहेत. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे, सगळे प्रकार आणि पाकिटांचे आकार धरून साठ एक वस्तू. त्यांना प्रत्येक वस्तूला क्यूआर कोडचं लेबल हवं होतं. एकाने त्यांना या कामासाठी वर्षाच्या भाड्याचं सॉफ्टवेअर सुचवलं होतं. मी म्हटलं, थांबा, आधी तुमची यादी दाखवा.

यादी वहीत होती. आधी ती कॉम्प्युटरवर घेतली, एका ओळीवर एक वस्तू. आणि मग गंमत सुरू झाली. कांदा लसूण मसाला तीन प्रकारे लिहिलेला होता. एका ठिकाणी पूर्ण नाव, एका ठिकाणी "कां.ल. मसाला", एका ठिकाणी नुसतं "केएलएम". पाव किलोचं पाकीट कुठे "२५०", कुठे "पाव", कुठे "२५० ग्रॅम". दोन वस्तूंना एकच कोड. आणि दोन वस्तू अशा, ज्या त्या आता बनवतच नाहीत.

ती यादी साफ करायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. लेबलं बनवायला क्यूआर-एनकोड नावाचं फुकट साधन वापरलं. यादीची एक ओळ, एक कोड, एक चित्र. ते सगळं चहा व्हायच्या आत संपलं.

आता विचार करा, त्यांनी ते भाड्याचं सॉफ्टवेअर घेतलं असतं तर काय झालं असतं? तीच गबाळी यादी त्यात भरली गेली असती. एकाच मसाल्याची तीन लेबलं आली असती, ती पण दरवर्षी पैसे भरून. त्या दोन संध्याकाळी कुठलंही सॉफ्टवेअर वाचवत नाही. ते काम मालकालाच करावं लागतं, कारण "केएलएम" म्हणजे कोणता मसाला हे फक्त मालकाला माहीत असतं.

बीबीएला आम्हाला ऑपरेशन्समध्ये शिकवलं होतं, की आधी पद्धत ठरवा, मग मशीन आणा. पुस्तकात ते फॅक्टरीसाठी होतं. साठ मसाल्यांच्या वहीलाही ते तसंच लागू पडतं.

यादी कुठे बिघडते?

वर्गात सारखे सारखे दिसणारे पाच प्रकार सांगते.

एक, एक्सेलमधला बारकोड. आपल्याकडच्या पाकिटांवर बहुतेक वेळा ८९० ने सुरू होणारा १३ आकडी बारकोड असतो. एक्सेल एवढा मोठा आकडा छोट्या रूपात दाखवतं, मध्ये "ई" आणि अधिकचं चिन्ह टाकून. तशीच सीएसव्ही फाइल सेव्ह केली की ते छोटं रूपच सेव्ह होतं, आणि खरे आकडे गेले. शून्याने सुरू होणारे कोड असतील तर पहिलं शून्य उडतं. म्हणून आकडे टाकायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट प्रकारचा करा.

दोन, विंडोजची न दिसणारी खूण. विंडोजमध्ये बनवलेल्या फाइलच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी सहसा एक जास्तीचं अक्षर असतं. डोळ्याला दिसत नाही, पण लिनक्सच्या शेलला दिसतं, आणि ते तुमच्या मालाच्या नावाला चिकटतं. मग "अशी फाइल नाही" असा मेसेज येतो आणि फाइल तर समोर दिसत असते! डॉस-टू-युनिक्स नावाचं साधन त्या फाइलवर एकदा चालवा, काम झालं.

तीन, शेवटची ओळ. यादीच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेलं नसेल, तर साधा व्हाइल-रीडचा फेरा ती ओळ सोडून देतो. ४०० वस्तू, काम ३९९ वर. कुठलीही एरर येत नाही. म्हणून शेवटच्या ओळीनंतर एंटर मारायची सवय लावा.

चार, एकच नाव दोनदा. दोन फोटोंना एकच कोड गेला तर दुसरा फोटो पहिल्याच्या जागी जाऊन बसतो आणि पहिला गायब. आधी फक्त कोडची यादी सॉर्ट करा आणि युनिक या कमांडला मायनस डी लावा. जे दोनदा आलंय तेवढंच स्क्रीनवर दिसेल.

पाच, यादी मध्येच खाल्ली जाणं. फेऱ्याच्या आत काही साधनं अशी असतात, की ती पण त्याच बाणातून येणारी माहिती वाचायला लागतात. व्हिडिओसाठी वापरतात ते एफएफएमपेग त्यातलंच. पहिल्या ओळीचं काम होतं आणि उरलेली यादी त्याच्याच पोटात जाते. एफएफएमपेगला "नो-एसटीडीइन" हा पर्याय दिला की ते यादीला हात लावत नाही. एकाच ओळीवर काम होऊन फेरा थांबला, तर आधी इथे बघा.

चालवण्याआधीचे नियम

ही पद्धत मेहनत वाचवते हे खरं. पण चूक असेल तर ती पण चारशे वेळा करते, तीसुद्धा न थकता. माणूस दहाव्या फोटोला थांबून म्हणतो, "ताई, हे काहीतरी गडबड दिसतंय." कमांड असं म्हणत नाही. म्हणून माझ्या वर्गात हे पाच नियम सक्तीचे आहेत.

पहिला: एका ओळीवर हाताने करून बघा. फेरा नको, नुसती कमांड, एकच फोटो. तो बरोबर आला तरच पुढे जायचं.

दुसरा: इको लावा. कामाच्या कमांडच्या आधी इको हा शब्द लिहिला, की शेल काम करत नाही, काय करणार होतं ते फक्त लिहून दाखवतं. चारशे ओळी स्क्रीनवर येतील, नजर फिरवा. एखादं नाव चुकीचं आलं असेल तर ते इथे दिसू शकतं. एक लक्षात ठेवा, कमांडमध्ये उजवीकडे तोंड असलेला बाण असेल तर इको लावूनही ती फाइल तयार होतेच. बाणाच्या कमांडला हा उपाय पुरा पडत नाही.

तिसरा: पाच ओळी. हेड या कमांडने यादीतल्या पहिल्या पाच ओळी वेगळ्या काढा आणि त्यांच्यावर खरं काम चालवा. फाइली उघडून बघा. मगच पूर्ण यादी.

चौथा: मूळ मालाला हात नाही. लहान केलेले फोटो नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये. इमेजमॅजिक या फुकट साधनात मोग्रिफाय नावाची कमांड आहे, तिला वेगळी जागा सांगितली नाही तर ती मूळ फोटोच बदलून टाकते. ती टाळा. आणि पुसून टाकायची कमांड पहिले काही महिने फेऱ्यात घालूच नका.

पाचवा: हिशोब जुळवा. रात्री गल्ला बंद करताना आपण बिलं आणि रोकड जुळवतो ना? तसंच. यादीत ओळी किती हे डब्ल्यूसी मायनस एल सांगतं. नव्या फोल्डरमध्ये फाइली किती ते मोजा. ४०० आत गेले तर ४०० बाहेर यायला हवेत. ज्या ओळीचं काम फसलं, ती ओळ एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवायची सोय कमांडमध्येच करता येते. ती फाइल म्हणजे आपली उधारीची वही. दुसऱ्या दिवशी फक्त तेवढ्याच ओळी हातात घ्यायच्या.

"पण मॅडम, आता एआय आहे की!"

आहे ना. मी पण वापरते. कमांड लिहून द्यायला ते छान आहे. पण त्याने दिलेली कमांड तुमच्या कॉम्प्युटरवर, तुमच्या फोटोंवर, तुमच्या हिशोबावर चालणार आहे. ती चालवायच्या आधी निदान वाचता तरी यायला पाहिजे. डबा अवतरण चिन्हांत आहे का? नवीन फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जातेय का? पुसायची कमांड कुठे लपलीय का? एवढे तीन प्रश्न विचारता आले तरी पुष्कळ. आणि तुमची "केएलएम" वाली यादी एआयला दिली, तर ते अंदाज बांधेल. दुकान अंदाजावर चालत नाही.

दुसरं म्हणणं येतं, "एक्सेल पुरेसं आहे." यादी ठेवायला आणि बेरजा करायला आहेच. पण एक्सेलच्या कप्प्यात फोटोचं नाव असलं, तरी एक्सेल सहजासहजी तो फोटो लहान करून देत नाही. यादी एक्सेलमध्ये ठेवा, काम शेलकडून करून घ्या. दोघांचं भांडण नाही.

तिसरं म्हणणं, "त्यापेक्षा एक मुलगा ठेवतो." जरूर ठेवा. पण त्याला ४०० फोटो लहान करायला बसवू नका. त्याला गिऱ्हाईक, खरेदी, माल ओळखणं शिकवा. दोन वर्षांनी तो तुमच्या कामाचा असेल, आणि त्याच्याही हातात काहीतरी कसब असेल.

हे मात्र करू नका

ही पद्धत शिकल्यावर प्रत्येकाच्या डोक्यात येणारी पहिली कल्पना मला माहीत आहे. "कस्टमरच्या नंबरांची यादी आहे, प्रत्येक ओळीला एक मेसेज!" इथे मी स्पष्ट नाही म्हणते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमांत आपोआप आणि घाऊक मेसेज पाठवायला मनाई आहे, नंबर बंद होऊ शकतो. धंद्याचा जो नंबर पाटीवर, पिशवीवर, बिलावर छापलाय, तोच बंद झाला तर? त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपची धंद्यासाठीची अधिकृत सोय आहे, ती घ्या, आणि ज्यांनी होकार दिलाय त्यांनाच पाठवा. एसएमएसचं म्हणाल, तर ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक मेसेजसाठी डीएलटी नोंदणी लागते. पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा नमुना, दोन्ही आधी नोंदवावे लागतात. कस्टमरचा नंबर ही त्याची माहिती आहे, आपला माल नाही, आणि २०२३ साली तर वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाही झालाय.

कायदा बाजूला ठेवला तरी धंद्याच्या दृष्टीने बघा. उधारी मागायचा फोन, रुसलेल्या जुन्या गिऱ्हाइकाची समजूत, लग्नाच्या खरेदीचा भाव. यातल्या प्रत्येक ओळीला वेगळं डोकं लागतं. हे माणसाचं काम आहे, ते फेऱ्यात घालायचं नसतं. बिलिंग आणि जीएसटी पण घरच्या कमांडवर चालवू नका, त्यासाठी रीतसर सॉफ्टवेअर आणि तुमचे सीए आहेत. आणि दहाच ओळी असतील तर गपचूप हाताने करा, कमांड लिहीत बसू नका.

म्हणून कुठलंही काम समोर आलं, की मी दोन प्रश्न विचारते. प्रत्येक ओळीला तेच काम आहे का? आणि पहिल्या ओळीनंतर डोकं लागणार आहे का? पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही असं उत्तर आलं, तर ते शेलचं काम. नाहीतर ते आपलं काम.

आज काय कराल?

आज रात्री दुकान बंद केल्यावर तुमच्या मालाची यादी करा. एका ओळीवर एक वस्तू. एकच नाव, एकच कोड, एकाच पद्धतीने लिहिलेलं वजन किंवा माप. शेल नंतर बसवा, व्हिडिओ नंतर बघा. पन्नास ओळी जरी नीट झाल्या, तरी तुम्हाला दिसेल की कुठला माल दोनदा लिहिलाय, कुठला वर्षभर हललाच नाही, आणि कुठल्या वस्तूचं नेमकं नावच ठरलेलं नाही. कमांड पुढच्या आठवड्यात चालवू, पण हे शोधून काढल्याचा फायदा आजच मिळतो.

यादी करताना कुठे अडलात, कुठलं नाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडलं, ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या दोन-तीन याद्यांचे नमुने घेऊन आपण स्क्रीनवर साफ करू. कस्टमरची नावं आणि नंबर मात्र कमेंटमध्ये टाकू नका.

भेटू पुढच्या आठवड्यात. धंदा वाढू दे, आणि रात्री जेवायला वेळेवर घरी पोचा.